खड्याच्या कडेवरचं धुकं

१

सकाळी पावणेनऊला चकाकीने काचेची पेटी उघडली आणि ओला कापूस धरलेला तिचा हात वरच्या वर थबकला.

थोरलीला काहीतरी झालं होतं.

थोरली म्हणजे कुणी बाई नव्हे. पण त्या जवाहिऱ्याच्या पेढीत तिचा रुबाब कुठल्याही बाईपेक्षा जास्तच. अंगठ्याच्या पेराएवढा ओपल, पदकाच्या मागून बंद अशा सोन्याच्या कोंदणात बसवलेला, मालकीणबाईंच्या आजेसासूंच्या वेळेपासून घरात असलेला. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी तिच्याकडे बघायचं, मग मालकीणबाईंकडे. आज ती पहिल्यांदाच घराबाहेर पडणार होती. एका मोठ्या प्रदर्शनाची गाडी चार वाजता तिला न्यायला येणार होती.

आणि आजच तिच्या डाव्या कडेने पांढरं धुकं चढलं होतं. नखावरच्या चंद्रकोरीएवढंच, पण हिरव्या-तांबड्या ठिणग्या गिळत आत सरकलेलं.

चकाकीने पेटीची काच पुसली. मग खड्यावर हलकी फुंकर घातली. धुकं जागचं हललं नाही.

"बाई!" स्वतःचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "बाई, लवकर या हो!"

मालकीणबाई अनवाणीच धावत आल्या. मागोमाग त्यांचा मुलगा, म्हणजे धाकटे मालक, हातात चहाचा कप घेऊन. दोघं पेटीवर वाकले. चहाचा कप तसाच टेबलावर गेला.

"काल हिला कुणी हात लावला होता?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी, बाई. रोजच्यासारखी कापडाने पुसली. कड जरा फिकट वाटली, पण म्हटलं उजेडाचा खेळ असेल."

"नुसत्या कापडाने शंभर वर्षांचा खडा मरतो होय गं?" धाकटे मालक म्हणाले. "बाजारचं ते धुलाईचं औषधबिवषध लावलं नाहीस ना?"

"देवाशपथ नाही!"

चकाकीचे वडील या पेढीत तीस वर्षं खडे कापण्याच्या चाकावर बसले. ते गेले तेव्हापासून चाकावर कापड झाकलेलं. दोन वर्षं ती खड्यांना फक्त झिलई देत होती, म्हणूनच हे नाव पडलेलं. येत्या सोमवारी ते कापड निघणार होतं आणि चाकावर ती बसणार होती. चार दिवस उरले होते, अवघे चार. आणि खडे खराब करणारी, असं एकदा नाव झालं की कुठल्याही पेढीत तिला कुणी उभं करणार नव्हतं.

"भिंगआत्या दहाला प्रदर्शनासाठी खरेपणाचा दाखला द्यायला येणारच आहेत," धाकटे मालक म्हणाले. "खरं काय ते त्याच सांगतील. तोवर आपण एक काम करू. या पोरीचा कामाचा खण उघडू."

२

खणातून निघाले अकरा ओपल. लहान लहान, प्रत्येकाची पाठ काळी कुळकुळीत.

"हे काय?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"जोडओपल," चकाकी म्हणाली. "वडिलांच्या चाकाखाली पडलेल्या चिपा होत्या. ओपलची पातळ चीप काळ्या दगडावर चिकटवली की रंग उठून दिसतात. हात बसावा म्हणून करत होते. बाईंनीच दिल्या होत्या चिपा."

मालकीणबाईंनी मान हलवली. दिल्या होत्या खऱ्या. पण त्यांचे डोळे त्या काळ्या पाठींवरून हटेनात.

एवढ्यात भिंगआत्या आल्या. सगळी आळी त्यांना याच नावाने ओळखे. रत्नपरीक्षेच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, पण गळ्यातल्या काळ्या दोरीतलं भिंग काही निवृत्त झालं नव्हतं. बाई बोलायच्या हळू; समोरच्याला पुढे वाकूनच ऐकावं लागे.

त्यांनी पदक खिडकीशी नेलं. दहा मिनिटं त्या भिंगातून बघत होत्या.

"कोंदणाची कड इथे केसभर खाली आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तिथून आत डोकावता येतं. वर ओपल आहे, पुठ्ठ्याएवढ्या जाडीचा. त्याखाली सगळं काळं. मालकीणबाई, मी दाखला देऊ शकत नाही. हा अख्खा ओपल नव्हे. हा जोडओपल आहे."

धाकट्या मालकांनी नुसता चकाकीचा खण उचलून भिंगआत्यांपुढे ठेवला.

मालकीणबाई खुर्चीत बसल्या, बसल्या कसल्या, कोसळल्याच. "मुली, तुझ्या वडिलांकडे बघून मी तुला घरातली मानली. चार वाजेपर्यंत वेळ देते. खरी थोरली परत आणून ठेव, मी कुणापाशी चकार शब्द काढणार नाही. नाहीतर मग पोलीस."

"माझ्याकडे असती तर आत्ताच्या आत्ता दिली असती, बाई," चकाकी म्हणाली. "नसलेलं कुठून आणू?"

भिंगआत्यांनी खणातला एक जोडओपल उचलला, उजेडात फिरवला. "हात चांगला आहे गं तुझा. चिकटवायला काय वापरतेस?"

"बाजारात दोन नळ्यांतून मिळतो तो डिंक. दोन्ही मिसळून लावायचा."

"असं होय!" म्हातारीच्या आवाजात एकदम धार आली. "मला एक पेला पाणी आणा. आणि त्या तुमच्या पोथीमास्तरांना बोलवा. थोरलीची चित्रं त्यांच्याकडे आहेत ना? या घरातला एकही माणूस बाहेर जाणार नाही, आणि पाण्याच्या पेल्याला कुणी हात लावणार नाही!"

त्यांनी चकाकीचा जोडओपल पेल्यात टाकला. टुबुक.

३

पोथीमास्तर सहा वर्षांपासून ओपलच्या आख्यायिकांवर पुस्तक लिहीत होते आणि सहा वर्षांपासून ते पुढच्या महिन्यात पुरं होणार होतं. ते आले ते बगलेत चित्रांची गुंडाळी घेऊन, तोंडाने थोरलीचं वर्णन सुरू. हकीकत कानावर पडताच त्यांचे डोळे लकाकले.

"जुन्या लोकांनी उगीच नाही याला चोरांचा कैवारी म्हटलं! ओपल तमालपत्रासारख्या पानात गुंडाळून मुठीत धरला की चोर म्हणे दिसेनासा होई. एका रोमन सरदाराने तर देशोधडीला लागणं पत्करलं, पण बोटातला ओपल दिला नाही. आणि कुणी म्हणत, हा डोळ्यांचा खडा, दृष्टी शाबूत ठेवतो. पुढे मात्र काय झालं, की अपशकुनी म्हणून..."

"मास्तर," भिंगआत्या म्हणाल्या, "पानवाला चोर इथेच कुठे उभा असेल तर दिसणार नाही, पण ऐकेल. चित्र दाखवा."

चित्र तीन वर्षांपूर्वीचं होतं. पदकाच्या दसपट मोठं. एकेक ठिणगी रंगवलेली, प्रत्येकीला आकडा दिलेला, एकूण त्रेचाळीस. भिंगआत्या भिंगातून खडा बघत एकेक सांगायच्या, चकाकी चित्रात बोट ठेवायची. माशासारखी तांबडी ठिणगी, आहे. तिच्या शेपटाशी दोन हिरवे ठिपके, आहेत. मधोमध तुटकी निळी रेघ. आहे! सदतीस जुळल्या; उरलेल्या सहा धुक्याखाली होत्या.

"कुठल्याही दोन ओपलांची नक्षी सारखी नसते," पोथीमास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले. "आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं आहे ते. ही थोरलीच. मी कुठेही सांगायला तयार आहे."

"पण आत्या म्हणतात हा जोडओपल आहे!" धाकटे मालक ओरडले. "थोरली तर अख्खी होती. दोघांपैकी एकाचं चुकतंय."

"कुणाचंच चुकत नाहीये," भिंगआत्या म्हणाल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आहे ती थोरलीच. पण अख्खी थोरली नाही. चेहरा तेवढा जागेवर आहे, बाई, मागचं अंग गायब आहे! लोक चेहरा बघून नमस्कार करतात, पाठ कोण बघतंय? तीही बंद कोंदणात."

मालकीणबाई पदकाकडे वाकल्या. "म्हणजे कुणी कापली तिला?"

"कापली, की फुटली, ते बघू. मास्तर, तुमच्या चित्रात ठिणग्यांमागे दूध आहे. माझ्या हातात आहे त्यात काळोखं आभाळ. रंग चुकला का तुमचा?"

"छे हो! अलीकडे खुललीच ती तशी. दोन महिने झाले असतील. ग्रंथांत दाखले आहेत, मालकाच्या सुखाने ओपल उजळतो, दुःखाने मिटतो."

"धाकटा परगावची नोकरी सोडून घरी आला ना, त्याच सुमारास," मालकीणबाई पुटपुटल्या. "मी मैत्रिणींना बोलावून बोलावून दाखवली. म्हटलं, बघा, लेक आला तर थोरलीही हसली."

"हसली नाही, बाई. तिच्या पाठीला कुणीतरी काळं लावलं. पांढुरका ओपल काळ्यावर ठेवला की रंग पेटून उठतात." भिंगआत्या थांबल्या. "म्हणजे हे काम कालचं नव्हे. दोन महिन्यांपूर्वीचं आहे. मग धुकं आजच का आलं?"

४

"पेटीची किल्ली कुणाकडे असते?" भिंगआत्यांनी विचारलं.

"सकाळी माझ्याकडे," चकाकी म्हणाली. "मी उघडून खाली ओला कापूस ठेवते. ओपलमध्ये पाणी असतं ना, फार सुकला तर तडकतो, म्हणून या घरात पहिल्यापासून ओल्या कापसावरच ठेवतात. संध्याकाळी कोंदणकाका पेटी बंद करून किल्ली बाईंना देतात. ते आठ दिवस नाहीत, तेव्हा संध्याकाळीही मीच."

कोंदणकाका म्हणजे खडे सोन्यात बसवणारे पेढीचे जुने कारागीर. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते बहिणीकडे गेले होते आणि आज दुपारी परतणार होते.

"वेडेपणा आहे तो कापूस," धाकटे मालक मध्येच म्हणाले. "मी केव्हाचा सांगतोय, अख्ख्या ओपलला त्याची काही गरज नसते."

भिंगआत्यांनी मान वळवून त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. धाकट्या मालकांनी कॉलर सैल केली.

"तुम्ही काढून टाकला होता का कधी?"

"मी? आई जिवंत ठेवेल का मला? शिवाय तो आपोआप सुकायचाच. पेटीवरचा नवा दिवा मी लावलाय, त्याच्या उष्णतेने."

"सुकायचा?"

"हो, आत्या," चकाकी म्हणाली. "सकाळी चिंब ठेवावा तर दुसऱ्या दिवशी कोरडा ठणठणीत. मास्तर म्हणायचे थोरलीला तहान लागते, पाणी पिते, म्हणून तर खुलली. पण या आठवड्यात तहान भागली असावी. रोज सकाळी कापूस ओलाच सापडला."

"नवा दिवा कधी लावला?"

"चार महिने झाले की," धाकटे मालक म्हणाले.

"आणि कापूस सुकायला कधी लागला?"

चकाकी आठवू लागली. बोटं मोजता मोजता तिसऱ्या बोटावर अंगठा थांबला. "दोन महिने. आत्या, दोनच महिने झाले!"

दाराची घंटी वाजली. काळा चष्मा लावलेले कोंदणकाका चौकटीला हात लावत आत आले. चकाकीचा जीव भांड्यात पडला. वडील गेल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवणारं हे एकच माणूस. तिनेच त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"काका, तुम्ही तरी सांगा ना यांना! मी असं करेन का?"

काकांनी चष्मा काढला नाही. आपल्या गुडघ्यांशी बोलावं तशी त्यांनी मान खाली घातली.

"जुना खडा आहे," ते शेवटी म्हणाले. "असे खडे कधीकधी कोमेजतात. पोरीचं काही नसेल त्यात."

"नसेल? नाही, असं म्हणा ना, काका," चकाकी म्हणाली.

काकांनी तोंड दुसरीकडे वळवलं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि चकाकीला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शेजारी थंडी वाजली.

५

भिंगआत्यांनी पेला उचलून सगळ्यांपुढे धरला. चकाकीचा जोडओपल चार तास पाण्यात बुडून लखलखत होता. कडेला धुक्याचा मागमूस नाही.

"दोन नळ्यांचा डिंक. पाण्याला सहज दाद देत नाही. हिने थोरली चिकटवली असती, तर ओल्या कापसाची हिला भीती नसती. आता स्पिरिट द्या."

स्पिरिट आलं. त्यात बुडवलेली काडी त्यांनी पदकाच्या धुकाळलेल्या कडेला, कोंदणाच्या फटीशी टेकवली. क्षणभर काही नाही. मग कडेचा पांढरा पदर विरघळला, आणि त्यातून एक तांबडी ठिणगी पापणी उघडावी तशी उमलली. पाठोपाठ काडीच्या टोकाला काळपट तपकिरी डाग आला.

"अडतिसावी!" पोथीमास्तर लहान मुलासारखे ओरडले.

"स्पिरिटमध्ये विरघळते आणि ओल लागली की पांढरी पडते, अशी चिकट वस्तू कोणती? चकाकी, तू सांग."

चकाकीला उत्तर ठाऊक होतं. तिला ते नको होतं. "लाख," ती म्हणाली. "काजळी मिसळलेली लाख."

"खडे कापणारा लाखेने जोड देत नाही. बाजारातला लबाडही देत नाही, त्याला त्याहून पक्का डिंक मिळतो. लाखेवर विश्वास टाकतो तो फक्त कोंदणात खडे बसवणारा. आयुष्यभर तीच हाताशी असते, हात आपोआप तिकडेच जातो." भिंगआत्यांचा आवाज अजूनही हळूच होता, पण आता कुणाला वाकावं लागत नव्हतं. "पण लाखेला ओल सोसत नाही आणि या घरात रोज सकाळी ओला कापूस येणार. नको म्हणावं तर लोक विचारतील, का नको? मग एकच उपाय उरला. संध्याकाळी पेटी बंद करताना ओला काढायचा, कोरडा ठेवायचा, म्हणजे दिवसाची ओल रात्री सुकून जाईल. दोन महिने हा नेम एकदाही चुकला नाही. मग आठ दिवस तो माणूस इथे नव्हता. आठ दिवस थोरली ओल्यावर बसली. आणि धुकं आलं."

"पण काका तर इथे नव्हतेच!" धाकटे मालक म्हणाले.

"नव्हते, म्हणूनच धुकं आलं. काका इथे असते तर धुकं अजूनही आलं नसतं."

काका उठले नाहीत. त्यांनी फक्त काळा चष्मा काढला. एका डोळ्यावर पट्टी होती. दुसरा डोळा, अजून शस्त्रक्रिया न झालेला, थोरलीच्या कडेसारखाच पांढुरका धुकाळलेला होता.

६

"दोन महिन्यांपूर्वी बाईंनी सांगितलं, खडा हलतोय, कोंदण आवळून द्या," काका म्हणाले. "चाळीस वर्षांत हजार वेळा केलेलं काम. खडा उचलला, साफ केला, परत बसवला. कड दाबायला लागलो. मला वाटलं हत्यार सोन्यावर आहे. ते खड्यावर होतं, बाई. मला दिसलंच नाही."

काकांनी चष्मा मिटून मांडीवर ठेवला.

"आडवी दुभंगली. मधे मातीची बारीक रेघ होती, तिथूनच. वरचा पापुद्रा एका हातात, खालचं अंग दुसऱ्या. आधी दोन्ही जोडून पाहिलं, पण भेग आरशासारखी चमकायची. काळ्या लाखेवर पापुद्रा बसवला तर अशी खुलली, अशी खुलली की मीच चक्रावलो. तुम्ही मैत्रिणींना दाखवायला लागलात. मग तोंड उघडेना."

"का नाही सांगितलंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"डोळे गेले हे सांगावं लागलं असतं. कोंदणाचं काम गेलं तर मी कोण? नुसता एक म्हातारा." ते पोथीमास्तरांकडे वळले. "तुम्ही म्हणता ना, हा खडा अपशकुनी? माझ्या गुरूंनी सांगितलं होतं, खडा कसला अपशकुनी, तो नाजूक असतो. ज्याच्या हातून फुटतो त्याची नोकरी जाते, आणि मग तो जगाला सांगत सुटतो की खडाच वाईट."

मास्तरांनी हळूच पेन्सिल काढली.

"काका," चकाकी म्हणाली. "मघाशी मला पोलिसांत देत होते. मी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. आणि म्हणालात, नसेल."

काकांनी तिच्याकडे तोंड केलं. धुकाळलेला डोळा भरून आला. "त्या एका शब्दासाठी मला माफ करू नकोस, बाळ. फुटलेल्या खड्याचं पाप नाही. त्या शब्दाचं आहे."

तिने मान फिरवली. माफ करायचं की नाही ते तिला त्या घडीला खरंच ठाऊक नव्हतं.

"खालचं अंग कुठे आहे?" भिंगआत्यांनी विचारलं. "आणि ते टाकून दिलंत असं म्हणालात, तर मी इथेच या वयात आरडाओरडा करीन."

"टाकीन कसा? माझ्या कपाटात, रुंद तोंडाच्या औषधाच्या बाटलीत. पाण्यात ठेवलंय. जाण्याआधी काठोकाठ भरून गेलो होतो."

धाकटे मालक धावलेच.

७

बाटलीतून मालकीणबाईंच्या तळहातावर जे उतरलं ते बघून सगळ्यांचे चेहरे पडले. खडबडीत, दुधट, बोथट दगड. एक ठिणगी नाही.

"हे?" धाकटे मालक म्हणाले. "हे तर नुसतं..."

"थांबा हो," भिंगआत्यांनी भिंग लावलं. दगड तिरका केला, खिडकीकडे धरला, पुन्हा फिरवला. एकदम त्यांनी चकाकीचं मनगट पकडलं. "बघ. खालच्या बाजूने. त्या चिकटलेल्या दगडी सालीच्या आत."

चकाकीने भिंगातून पाहिलं. सालीला एक टवका उडाला होता, मोहरीएवढा. त्या मोहरीएवढ्या खिडकीतून केशरी आग डोकावत होती.

"थोरलीची पाठ शंभर वर्षं बंद सोन्यात होती," भिंगआत्या म्हणाल्या. "तिथे साल तशीच ठेवून जुन्या कारागिराने खडा बसवला. आत काय आहे ते आजवर माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. सगळीच आहे, की एवढीच ठिणगी आहे, ते साल काढल्यावर कळेल. आणि चुकीच्या हाताने काढली, तर आहे तेही जाईल."

घड्याळाने चाराचे ठोके दिले. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

मालकीणबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, गाडीवाल्याशी दोन मिनिटं बोलल्या, परत आल्या. "सांगितलं त्यांना, थोरली फुटलीय, अशी पाठवणार नाही. दाखवायची तर खरं सांगून दाखवू, नाहीतर नाहीच." मग त्या चकाकीपुढे उभ्या राहिल्या. "मुली, सकाळी मी तुला चोर म्हटलं. ते शब्द मला परत घेता येत नाहीत. पण सोमवारपर्यंत थांबायचीही गरज नाही."

त्यांनी स्वतःच्या हातांनी चाकावरचं कापड ओढून काढलं. दोन वर्षांची धूळ उन्हात उडाली.

"बिघडलं तर, बाई?"

"तर बिघडलं. कुणापासून लपवायचं नाही, एवढंच."

चकाकी वडिलांच्या जागेवर बसली. चाकावर पाण्याची धार सोडली, दगड काठीच्या टोकाला पक्का केला. मागे सगळे दाटीवाटीने उभे. फक्त काका दूर, खुर्चीतच, मान खाली घालून.

चाक फिरू लागलं. दगड टेकला. घर्रर्र. तिला धड काही दिसेना; पाण्याचे तुषार, दुधाळ चिखल. किती दाबावं? वडील असते तर...

तिने चाक थांबवलं.

"काका," ती मागे न बघता म्हणाली, "इकडे या. मला दिसत नाहीये, आणि तुम्हालाही दिसत नाही. पण चाकाचा आवाज तुम्ही चाळीस वर्षं ऐकलाय. साल संपून खडा लागला की आवाज बदलतो, असं वडील म्हणायचे. तुम्ही ऐका. मी धरते."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका चाचपडत आले, तिच्या शेजारी स्टुलावर बसले आणि डोळे मिटून घेतले.

घर्रर्र.

"अजून साल आहे," काका म्हणाले. "अजून... हलकं धर... अजून..."

घर्रर्र. सर्रर्र.

"थांब!"

चकाकीने हात उचलला. खड्यावर ओंजळभर पाणी ओतलं. चिखल वाहून गेला.

कुणाच्याच तोंडून शब्द निघाला नाही. पोथीमास्तरांच्यासुद्धा. खिडकीतल्या उतरत्या उन्हात, तिच्या बोटांच्या चिमटीत, केशरी, जांभळी, पोपटी आग या कडेपासून त्या कडेपर्यंत पेटलेली होती.

"काय झालं?" काका घाबरून विचारत होते. "अगं, कुणीतरी बोला! गेली का?"

चकाकीने त्यांचा हात धरला, ओला खडा त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि रंग सांगायला लागली.